रिकामा ठोका

इराप्पाच्या पोटात दुखायला फार काही लागत नसे. शेजारच्या आकारामच्या दारात नवी मोटारसायकल उभी राहिली, तर इराप्पा दोन दिवस तिच्यात खोट शोधत फिरायचा. शिरोळकडच्या साडूच्या उसाला उतारा चांगला पडला, की "पाणी चोरत असंल," असं म्हणून तो जेवायला बसायचा आणि रोजच्यापेक्षा एक भाकरी कमी खायचा. माणूस वाईट नव्हता. त्यानं कुणाचं वाकडं केलं नाही, कुणाच्या बांधावर पाय दिला नाही. फक्त शेजारच्या ताटात काय वाढलंय हे बघितल्याशिवाय त्याला आपल्या ताटातली भाजी गोड लागत नसे, आणि बघितल्यावर तर मुळीच लागत नसे.

पण हा सगळा किरकोळ हेवा. खरा हेवा त्याला भेटला तो नोकरीतून निवृत्त झाल्यावर, आणि तोही घरातल्या घरात.

इराप्पाचे वडील बसलिंगाप्पा सीमेकडच्या गावातून कोल्हापुरात आले, तांब्याच्या भांड्यांचं काम शिकले आणि पुढं घराच्या पडवीतच बैठक मांडून बसले. भांड्याला आकार आला, की त्याच्यावर हातोडीचे सारखे ठोके ओळीनं द्यायचे, म्हणजे पत्रा घट्ट होतो आणि भांडं उजळतं. याला मठारणं म्हणतात. मठारण्यात बसलिंगाप्पाचा हात धरणारा गल्लीत कुणी नव्हता. त्यांचे ठोके मक्याच्या कणसावरच्या दाण्यांसारखे पडत. आंधळ्यानं बोट फिरवलं तरी हंडा कुणाचा ते सांगावं.

आणि त्यांची एक लकब होती. भांड्यावर ठोक्यांची एक ओळ झाली, की ते हातोडी बाजूला नेऊन ज्या पहारीवर भांडं अडकवलेलं असे त्या पहारीवर एक ठोका मारायचे. नुसताच, रिकामा. मग क्षणभर थांबायचे आणि पुढची ओळ धरायचे. ठक ठक ठक ठक, मग ठण्, मग शांत. गल्लीतल्या बायका त्या तालावर दळण निवडायच्या.

इराप्पा या कामात झाकणं ठोकण्यापर्यंत पोचला आणि तिथंच कंटाळला. आयटीआय करून तो बिद्रीच्या साखर कारखान्यात फिटर म्हणून लागला. हंगामभर तिकडंच खोली करून राहायचं, सुट्टीला घरी यायचं, असा जन्म गेला. बायको कस्तुरी मात्र कोल्हापुरातच राहिली. पोराची, सम्राटची, शाळा होती आणि सासऱ्यांना दोन वेळचं बघायला कुणीतरी हवं होतं. सासऱ्यांना ती माहेरच्या रीतीनं 'मावा' म्हणायची. सासू तर तिनं बघितलीच नव्हती. इराप्पा लहान असतानाच त्या गेल्या होत्या.

बसलिंगाप्पा गेले तेव्हा माळ्यावर एक हंडा राहिला. गळ्यापासून कंबरेपर्यंत मठारलेला, खाली कोरा. निवृत्तीच्या सत्काराला इराप्पाच्या गळ्यात हार पडला, हातात माइक आला आणि तोंडातून शब्द गेला, "आता अप्पांचा अर्धा हंडा मी पुरा करणार." टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर माणसाला माघार नसते. तो हंडा त्यानं गल्लीत सांगितला, साडूला फोनवर सांगितला, न्हाव्याला दाढी करताना सांगितला. घरी येऊन हातोडी उचलली आणि कळलं, की हाताला काहीच आठवत नाही.

म्हणून मे महिन्यात मंगळवार पेठेतल्या एका शाळेच्या शेडमध्ये धातुकामाची उन्हाळी कार्यशाळा भरणार असं कळल्यावर इराप्पानं पहिलं नाव घातलं. शेवटच्या दिवशी सगळ्यांची कामं मांडून प्रदर्शन होणार होतं. इराप्पानं तिथंही जाहीर करून टाकलं, की आपण वडिलांचा हंडा पुरा करून मांडणार. शिकवायला प्रियदर्शनी होती, कला महाविद्यालयातली शिक्षिका, वयानं त्याच्या लेकीसारखी. तिनं विचारलं, "काका, आधी शिकलाय काय हे?"

"शिकाय न्हाय आलो मी," इराप्पा म्हणाला. "गंज काढाय आलोय. बसलिंगाप्पाचा ल्योक हाय मी."

पोरगीनं बसलिंगाप्पाचं नाव ऐकलं होतं. तिनं हात जोडले. इराप्पाची छाती हंड्याएवढी झाली.

कस्तुरी रोज त्याच्याबरोबर यायची. माणूस साखर कारखान्यात राबला आणि येताना साखर अंगात घेऊन आला, त्यामुळं त्याच्या गोळ्या, ताक, अकराच्या सुमाराची अर्धी भाकरी, हे सगळं तिच्या पिशवीत. शेडबाहेर कडुलिंबाखाली बसून ती मेथी निवडायची आणि आतले ठोके ऐकायची. ऐकता ऐकता मधेच तिचा निवडणारा हात थांबायचा आणि कपाळाला आठी पडायची. इराप्पाला वाटायचं, ऊन लागतंय.

इराप्पाचा हात फिटरचा. त्यानं पहिल्याच दिवशी कंपास आणि मार्कर घेऊन सरावाच्या वाडग्यावर रेघा आखल्या, रेघेवर टिंबं दिली आणि टिंब हेरून हातोडी हाणायला सुरुवात केली. एक टिंब चुकलं नाही. वाडगं मात्र गोवर आलेल्या पोरासारखं दिसू लागलं. प्रियदर्शनी हळूच म्हणाली, "काका, हातोडी धरू नका, पडू द्या." इराप्पा म्हणाला, "पडू दिली तर पायावर पडंल." कॉलेजची पोरं हसली, आणि आपण विनोद केला असं समजून तोही हसला.

पहिला आठवडा असा गेला. मग एक दिवस एका पोरीचं वाडगं पहारीवरून सारखं घसरू लागलं. प्रियदर्शनी भट्टीशी गुंतली होती. कस्तुरी ताक द्यायला आत आली होती ती पोरीजवळ थांबली. "आगं, भांडं फिरव, हात नगो फिरवू," असं म्हणून तिनं पदर खोचला, एक पाय दुमडून बसली आणि हातोडी घेतली. दांड्याच्या अगदी टोकाशी धरली, बसलिंगाप्पा धरायचे तशी.

ठक ठक ठक ठक. मग तिचा हात वर थांबला. मग पुन्हा ठक ठक ठक ठक.

शेडमधल्या बाकीच्या हातोड्या एकेक करत गप्प झाल्या. इराप्पाची पाठ तिच्याकडं होती. त्या पाठीवर काटा आला. क्षणभर त्याला खरंच वाटलं, मागं अप्पा बसलेत. वळून बघतो तर कस्तुरी. नाकावर घाम, मांडीवर मेथीचं पान चिकटलेलं, आणि वाडग्यावर दाण्याला दाणा लागलेली ओळ.

"काकू!" प्रियदर्शनी भट्टी सोडून धावत आली. "हे कुठं शिकलात?"

"शिकलो कुटं? मावांच्या शेजारी बसून बसून आलं की," कस्तुरी म्हणाली आणि पदर सोडून उठली.

इराप्पाला हेवा वाटला. साधा नाही, चुलीवर उतू जाणाऱ्या दुधासारखा, झाकण ठेवता येईना असा. मोटारसायकल विकत घेता येते, उसाला खत घालता येतं. पण बापाचा हात बायकोच्या मनगटात बसलेला बघितल्यावर माणसानं काय करायचं? रक्त याचं, आडनाव याचं, नाक याचं, आणि हात तिचा!

तेवढ्यात त्याला एक खोट सापडली. बुडत्याला काडी सापडावी तशी सापडली.

"चुकलं तिचं," तो मोठ्यानं म्हणाला. "रिकामा ठोका राहिला. अप्पा ओळ झाली की पहारीवर एक रिकामा मारायचं. तिला ठावंच न्हाय त्यो."

पोरांनी विचारलं, रिकामा का? इराप्पाला आयुष्यात पहिल्यांदा वर्ग मिळाला. तो उभा राहिला. तांबं ठोकून ठोकून कडक होतं, कडक झालं की त्याचा आवाज चढतो, मग ते भट्टीत लाल करून पाण्यात बुडवून नरम करावं लागतं. तर आवाज चढला का हे कानाला कळावं म्हणून आधी पहारीचा आवाज घ्यायचा, मग भांड्याचा. "तुलना!" असं म्हणून त्यानं बोट वर केलं. हे सगळं त्यानं उभ्या उभ्या रचलं होतं, पण इतकं बरोबर वाटलं की त्याचा त्याच्यावरच विश्वास बसला. प्रियदर्शनीनं मान डोलावली. कस्तुरीनं इराप्पाकडं एकदा बघितलं आणि ती बाहेर जाऊन राहिलेली मेथी निवडू लागली.

घरी येईपर्यंत तो भराभर पुढं चालत राहिला. उंबरा ओलांडला आणि तोंड सुटलं.

"कवापासनं चाललंय ह्ये?"

"काय ह्ये?"

"हातोडी!"

"तुमी बिद्रीला जायला लागलासा तवापासनं. आदी भांडं धरायला बसायचो. मग मावांचा हात कापाय लागला, तवा म्हणालं, मार की तू."

"आन् मला कुणी सांगितलं न्हाय?"

"तुमी कवा इचारलंसा? सुट्टीला यायचा, जेवायचा, झोपायचा. उठला की कारखान्याच्या गोष्टी. मावा तुमच्या तोंडाकडं बघत बसायचं."

इराप्पा चिडला. "उद्यापासनं तू यायचं न्हाईस. माझ्या गोळ्या मी घेतो."

"बरं," कस्तुरी म्हणाली. तिनं भांडण लावून धरलं असतं तर बरं झालं असतं. ती 'बरं' म्हणाली, आणि इराप्पाला रात्रभर पंख्याखालीही झोप लागली नाही.

पुढचे दिवस तो एकटाच गेला. पण गेला तरी कान मागं. कुणी ना कुणी विचारायचंच, "काका, काकू आल्या न्हाईत?" प्रियदर्शनीसुद्धा. "त्यांना घेऊन या ना, एक दिवस शिकवू दे त्यांना सगळ्यांना." बसलिंगाप्पाच्या मुलाला हे ऐकावं लागत होतं. त्याला अप्पांचाही राग आला. झाकणांवर कंटाळलेल्या पोराचा कान धरून बसवायचं होतं! सुनेला इतकं दिलं आणि पोराला अर्धा हंडा ठेवला, तोही माळ्यावर. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, म्हणून तो वाडग्याशी भांडू लागला. ठोक्यावर ठोका हाणला. आवाज चढत गेला, टण् टण् वाजू लागला. ज्यानं सगळ्या वर्गाला आवाज ऐकायला शिकवलं त्यालाच तो ऐकू आला नाही. वाडग्याच्या काठापासून बुडापर्यंत उभी चीर गेली.

सगळे बघत होते. "पत्राच भिकार," इराप्पा म्हणाला. पत्रा चांगला होता. हे त्यालाही माहीत होतं.

प्रदर्शनाला एकच दिवस उरला. त्या संध्याकाळी त्यानं माळ्यावरून हंडा काढला, चिंचेनं घासला आणि पडवीत वडिलांच्या जुन्या पहारीवर अडकवला. वरच्या अर्ध्या भागावर दिव्याचा उजेड पडून तांबं जिवंत झालं. खालचा कोरा भाग त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. चिरलेलं वाडगं आठवून त्यानं हात मागं घेतला. हा चिरला तर दुसरा नाही. हा चिरला तर अप्पांची शेवटची वस्तू त्यांच्या पोरानं फोडली असं गल्ली म्हणणार, आणि खरंच म्हणणार. पण कस्तुरीला हाक मारायची? त्यापेक्षा फुटलेला बरा, असंही त्याला एकदा वाटून गेलं. हेव्यानं माणूस कुठवर जातो बघा.

त्यानं हातोडी उचलली. एक ओळ गेली. वाकडी, पण गेली. त्यानं पहारीवर रिकामा ठोका मारला, ठण्. दुसरी ओळ. तिसरी. आवाज चढायला लागला.

आत कस्तुरी भाकऱ्या थापत होती. तिथूनच तिचा आवाज आला, "तापवा आता. तांबं चिडलंय."

"तूच ये!" इराप्पा ओरडला. हातोडी त्यानं पडवीतून अंगणात भिरकावली. "तूच कर! अप्पांनी तुलाच दिलंय समदं. हात दिला, कान दिला. मला काय दिलं? ह्यो अर्धा हंडा? त्यो बी तुजाच आसंल निम्मा!"

कस्तुरी पिठाचे हात घेऊन दारात आली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"समदं न्हाय दिलं. एक न्हाय दिलं. आन् त्याच्यासाठी माझा जीव किती जळलाय ते तुमास्नी ठावं न्हाय."

"काय न्हाय दिलं?"

"रिकामा ठोका."

इराप्पानं वळून पहारीकडं बघितलं.

"मी एकदा मारला त्यो," कस्तुरी म्हणाली. "ओळ झाली, मारला पहारीवर. मावांनी माझ्या हातातनं हातोडी काढून घेतली. एवढ्या वर्सांत तेवढं एकदाच. म्हणालं, ह्यो तुजा न्हवं. मी म्हणालो, मग कुणाचा? तर सांगितलं."

ती उंबऱ्यावर बसली.

"तुमची आई गेली तवा तुमी रांगतं पोर. मावा हितं पडवीत कामाला, तुमी आत एकटं. उठून बघाय गेलं तर काम थांबायचं, न्हाय गेलं तर जीव लागायचा न्हाय. मग त्यांनी तुमच्या हातात ताटली आन् पळी दिली. ओळ झाली की पहारीवर एक ठोका मारायचं आन् थांबायचं. तुमी आतनं ताटली वाजवायचा. वाजली की पोरगं हाय. मग पुढची ओळ." तिनं पदरानं नाक पुसलं, आणि नाकाला पीठ लागलं. "तुमी शाळंला गेलासा, बिद्रीला गेलासा, त्यांचा हात काय ऱ्हायला न्हाय. शेवटपतूर मारायचं आन् आत कान देऊन बसायचं. मी शेजारी बसलेली. तीस वर्सं बसलेली. माझ्यासाठी एक दिस थांबलं न्हाईत वो ते."

इराप्पाला ताटली आठवत नव्हती. काहीच आठवत नव्हतं. वर्गात बोट वर करून आपण 'तुलना' म्हणालो होतो, तेवढं मात्र आठवलं आणि कानशिलं तापली.

पडवीतली अप्पांची जुनी भट्टी पेटवून हंडा त्यांनी दोघांनी मिळून तापवला. तो भाता मारत राहिला, कस्तुरीनं रंग बघून हंडा बाहेर काढला आणि पाण्यात बुडवला. तांबं निवलं. मग ती पहारीशी बसली, पदर खोचला. इराप्पानं अंगणातून हातोडी शोधून आणून तिच्या हातात दिली. ती देताना त्याला हेवा वाटला नाही असं मी म्हणणार नाही. वाटला. बोटं हातोडीवर जरा जास्तच वेळ राहिली.

ठक ठक ठक ठक. तिचा हात वर थांबला. ती त्याच्याकडं बघत होती.

इराप्पानं दुसरी हातोडी घेतली आणि पहारीवर ठोका मारला. ठण्. मग अप्पांसारखाच आत कान देऊन थांबला. आत कुणी नव्हतं. सम्राट नोकरीला पुण्यात. तव्यावर विसरलेली भाकरी कधीच करपली होती, तिचा वास तेवढा आला, बाकी घर गप्प. एवढी मोठी शांतता ऐकून म्हातारा रोज पुढची ओळ कशी धरत असेल, हे इराप्पाला कळेना. त्याला रडू आलं, आणि बायकोदेखत रडू आलं म्हणून ओशाळायलाही झालं.

तो उठून आत गेला. मांडणीवर हात फिरवून त्यानं एक ताटली काढली, पळी घेतली, गॅस बंद केला आणि भिंतीला टेकून खाली बसला.

"कस्तुरी," त्यानं आतून हाक मारली. "मार."

"काय मारू?"

"रिकामा."

बाहेरून हातोडी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "त्यो माजा न्हवं."

"मी देतोय की! मार म्हणतो न्हवं!"

हातोडी पहारीवर पडली. ठण्. बाहेर कस्तुरी थांबली.

इराप्पानं ताटली वाजवली.